मुरलेला जवान कसा बनवायचा? हवालदार-सुभेदार टाईप कॅरेक्टरबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी दुपारी जुळे सोलापुरात आमचा ट्रॅव्हलरचा डाव बसतो. नवीन आलेला प्रत्येक पोरगा पहिल्याच दिवशी म्हणतो मला कॅप्टन व्हायचंय, आणि तीन-चार रविवार झाले की हळूच बाजूला घेऊन विचारतो, ते दुसऱ्याचं म्हातारं हवालदार कॅरेक्टर लै भारी वाटतंय, तसलं कसं बनवायचं. तेच तेच सांगून माझा घसा बसला म्हणून हे एकदाच टाईप करून ठेवतोय. वाचा आणि मग या.

प्रश्न: ट्रॅव्हलर म्हणजे नेमकं काय? मी फक्त ड्रॅगन-तलवारवाला गेम खेळलोय.

अंतराळातला टेबलटॉप आरपीजी आहे, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एकेक पात्र वठवायचा खेळ, १९७७ साली अमेरिकेत गेम डिझायनर्स वर्कशॉपनं काढला. आम्ही मोंगूज कंपनीची दुसरी आवृत्ती वापरतो, ती २०१६ ची. खाली जे आकडे येतील ते तिचेच आहेत. यात लेव्हल वगैरे नसते. कॅरेक्टर बनवताना तुम्ही त्याचं १८ व्या वर्षापासूनचं आयुष्य जगता, चार-चार वर्षांच्या टर्ममध्ये. प्रत्येक टर्मला डाइस टाकायचे, तो वाचला का, प्रमोशन मिळालं का, काय शिकला, काय घडलं ते बघायचं. म्हणजे गेम सुरू होतो तेव्हा माणूस आधीच तीस-चाळीस वर्षांचा असतो आणि त्याची निम्मी गोष्ट होऊन गेलेली असते. जुन्या मूळ नियमांत तर कॅरेक्टर बनतानाच मरायचं, खरंच, शीट अर्धी भरलेली आणि माणूस गेला. आता मरत नाही, नोकरी जाते फक्त.

चार वर्षांची टर्म म्हटलं की हल्ली पोरांना लगेच अग्निवीर आठवतंय. २०२२ पासून आपल्याकडं पण भरती चार वर्षांची आणि त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढं कायम. तेव्हा एक टर्म करून बाहेर पडलेला २२ वर्षांचा जवान कसा असतो हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, प्रत्येकाच्या गावात असा एखादा आहे नाहीतर होणार आहे.

प्रश्न: मुरलेला म्हणजे किती टर्म?

माझ्या मते चार ते सहा. तीनपर्यंत तो नुसता चांगला शिपाई असतो.

पण हे ठरवून होत नाही हे आधी डोक्यात घ्या. आर्मीत इन्फंट्री घेतली तर दर टर्मला ताकदीवर ६ किंवा जास्त पडायला लागतात, नाहीतर मिसहॅप, म्हणजे काहीतरी आफत येते आणि नोकरीतनं बाहेर. ताकद ७ असेल, म्हणजे रोलला ना प्लस ना मायनस, तर दोन डाइसवर ६+ पडायचा चान्स ३६ पैकी २६, म्हणजे ७२ टक्के. ऐकायला बरं वाटतंय. पण सलग पाच टर्म काढायच्या तर ते पाच वेळा गुणा, १९-२० टक्क्यांवर येतंय. म्हणजे पाचातला एकच जण २० वर्षं पूर्ण करून सुखरूप बाहेर पडतो. सपोर्टमध्ये गेलात, म्हणजे गाड्या, दुरुस्ती, सामान बघणारे, तर तिथं दमावर ५+ लागतात आणि पाच टर्मचा चान्स ४० टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून खरा जुना खोड सपोर्टमध्येच जास्त सापडतो, पोरांना ते पटत नाही कारण सगळ्यांना बंदूक पाहिजे.

दुसरं, वय. चौथी टर्म संपली की माणूस ३४ चा होतो आणि म्हातारपणाचा रोल सुरू होतो. दोन डाइस टाकायचे आणि जितक्या टर्म झाल्या तितके वजा करायचे, शून्य किंवा खाली आलं की शरीर झिजलं. चौथ्या टर्मला हा धोका सहात एक. सहाव्या टर्मला ४२ टक्के. आठव्या टर्मला ७२ टक्के. आमच्यातल्या एकानं हट्टानं आठ टर्म केल्या, स्किल लै झाले पण ताकद ४ वर आली आणि पहिल्याच अ‍ॅडव्हेंचरमध्ये जिना चढताना रोल फेल. आम्ही अजून हसतो.

प्रश्न: २८ वर्षांचा सार्जंट मेजर चालेल का? बॅकस्टोरी लै भारी लिहिलीय.

नाही. प्रमोशनचा रोल टर्मला एकच असतो आणि सार्जंट मेजर सहाव्या पायरीवर आहे. सहा टर्म, २४ वर्षं, म्हणजे ४२ चा माणूस, ते पण दर वेळी रोल लागला तर. बॅकस्टोरी ठेव, पद कमी कर.

प्रश्न: पदं इंग्रजीच ठेवायची का? लान्स सार्जंट म्हटलं की काहीच डोळ्यापुढं येत नाही.

आमच्या टेबलावर आपलीच चालतात. प्रायव्हेट म्हणजे शिपाई, लान्स कॉर्पोरल म्हणजे लान्स नायक, कॉर्पोरल म्हणजे नायक, सार्जंट म्हणजे हवालदार. इथपर्यंत सरळ बसतंय. वरचं मात्र तंतोतंत बसत नाही, कारण नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर ही जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) मंडळी आपल्या उपखंडातलीच गोष्ट आहे, ऑफिसर पण नाही आणि साधा जवान पण नाही, मधला. गेममध्ये असा मधला थर नाहीच. आम्ही गनरी सार्जंटला सुभेदार आणि सार्जंट मेजरला सुभेदार मेजर म्हणतो, कुणी लष्करातलं ऐकलं तर कान पकडेल पण टेबलावर काम भागतंय. "सुभेदार साहेब" म्हटलं की सगळ्यांची पाठ आपोआप सरळ होते, "गनरी सार्जंट" म्हटलं की कुणाची होत नाही.

प्रश्न: स्किल कुठली घ्यावी? गन कॉम्बॅट ४ करू का?

याच्यावरच मी सगळ्यात जास्त भांडतो त्यामुळं हे जरा लांब होणार.

या गेममध्ये काम जमायला दोन डाइसवर ८ लागतात. स्किल अजिबातच नसेल तर ३ वजा होतात, म्हणजे ११ पडायला पाहिजेत, चान्स ८ टक्के. तेच स्किल नुसतं शून्यावर असेल, म्हणजे थोडं शिकवलेलं, तर ४२ टक्के. एकवर ५८, दोनवर ७२, तीनवर ८३. आता बघा. काहीच येत नाही ते थोडं येतं ही उडी ३४ टक्क्यांची आहे आणि दोनवरून तीन ही उडी ११ ची. म्हणजे शहाणा जवान कुठला? जो एका गोष्टीत उस्ताद आहे तो नव्हे, ज्याला दहा गोष्टी थोड्या थोड्या येतात तो. गाडी चालवता येते, स्पेससूट नीट घालता येतो, जखम बांधता येते, पंप उघडून बघता येतो, पत्ते खेळता येतात आणि दुसरा पत्त्यात फसवतोय हे पण कळतंय. पहिल्या करिअरच्या पहिल्या टर्मला बेसिक ट्रेनिंगमध्ये सर्व्हिस स्किलची अख्खी यादी शून्यावर फुकट मिळते, पोरं तिकडं बघत पण नाहीत, तीच खरी कमाई आहे.

बनवताना कुठलंही स्किल ४ च्या वर जात नाही आणि सगळ्या लेव्हल मिळून बुद्धी अधिक शिक्षण याच्या तिप्पट ही पण मर्यादा आहे, त्यामुळं हावरटपणा करून तसाही फायदा नाही.

प्रश्न: एक उदाहरण द्या ना, खरंच टेबलावर झालेलं.

देतो. गेल्या उन्हाळ्यातला डाव. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं पण नाही, आत फॅन फुल आणि फॅनखाली कॅरेक्टर शीटवर प्रत्येकानं काही ना काही ठेवलेलं, कुणी मोबाईल, कुणी शेंगाचटणीची बरणी. डाइस आधी स्टीलच्या ताटात टाकत होतो, मित्राची आई झोपेतनं उठून आली आणि "काय करलालाव बे दुपारचं" म्हणाली, तेव्हापासून सोलापुरी चादर चार घड्या घालून तिच्यावर टाकतो. आवाज येत नाही पण डाइस घडीत अडकून तिरका उभा राहतो आणि मग पाच का सहा यावर दहा मिनिटं.

तर मित्रानं सिद्राम नावाचा माणूस काढला. ताकद ७, चपळाई ६, दम ९, बुद्धी ७, शिक्षण ८, सामाजिक दर्जा ५. कुठल्यातरी मागास ग्रहावरच्या गिरणी कामगाराचा पोरगा असं त्यानं ठरवलं, ते सोलापूरकराला सुचणारच. आर्मी, इन्फंट्री. पहिल्या टर्मला वाचला, प्रमोशन पण मिळालं, लान्स नायक, त्याबरोबर रेकॉन, म्हणजे टेहळणीचं स्किल, फुकट. दुसऱ्या टर्मला वाचायला नेमके ६ पडले आणि प्रमोशनला ४, नाही मिळालं. इथं मित्र वैतागला, मी म्हटलं थांब, चार वर्षं एकाच पदावर का अडकला ते सांग. तो जरा विचार करून म्हणाला, साहेबांनी चुकीचा नकाशा दिला आणि यानं सगळ्यांसमोर सांगितलं की नकाशा चुकीचा आहे. झालं! त्या एका वाक्यात सिद्राम उभा राहिला. तिसऱ्या टर्मला नायक, चौथ्याला लान्स सार्जंट, त्याच्याबरोबर लीडरशिप. ३४ व्या वर्षी म्हातारपणाचा रोल ४, वजा ४, शून्य, ताकद एकनं कमी. गुडघा, मित्र म्हणाला.

पाचव्या टर्मला पडले ५. मिसहॅप. मिसहॅपच्या तक्त्यात बघितलं तर कमांडिंग ऑफिसर हत्यारं चोरून विकतोय असं निघालं, त्याच्या टोळीत सामील व्हा नाहीतर मिलिटरी पोलिसांना सांगा. आणि गंमत बघा, दोन्हीकडनं नोकरी जातेच. पोलिसांना सांगितलं तर सगळं वरच्यावर दाबून टाकतात, तुम्हाला घरी पाठवतात, फक्त त्या टर्मचा बेनिफिट रोल, म्हणजे बाहेर पडताना पैसे-सामान मिळायचा रोल, तेवढा बुडत नाही. मित्र बराच वेळ गप्प. मग म्हणाला, नकाशावर बोलणारा माणूस आहे, इथं गप्प कसा बसेल, सांगितलं.

शेवटी सिद्रामचं एकही स्किल ३ वर नव्हतं. गन कॉम्बॅट २, रेकॉन २, मेडिक २, बाकी एकेक, त्यात गॅम्बलर १. कागदावर किरकोळ. पण सध्या आमच्या टेबलावर संकट आलं की सगळे आधी त्याच्याकडं बघतात, कॅप्टन असलेला प्लेयर पण.

प्रश्न: प्रमोशन हुकलं, मिसहॅप झाला. शीट फाडून नवीन काढू का?

काढू नकोस. फेल झालेला रोल हाच कॅरेक्टरचा माल असतोय. सगळे रोल पास झालेला माणूस म्हणजे नोकरीच्या अर्जाला जोडलेला बायोडाटा. माझा नियम असा की प्रत्येक फेल रोलला एक वाक्य, आणि त्या वाक्यात दुसरं माणूस पाहिजे. "जखमी झालो" असं नाही, "स्वयंपाक्यानं ओढत आणलं, तो अजून माझ्याकडनं पैसे मागतोय" असं. मी रेफरी, म्हणजे डाव चालवणारा, तो स्वयंपाकी नंतर गोष्टीत वापरतो.

प्रश्न: प्रत्येक टर्मला किती लिहायचं? माझ्याकडनं निबंध होतो.

दोन ओळी. तिसरी ओळ आली की मी खोडतो.

प्रश्न: मी २१ वर्षांचा, आयटीवाला. चाळिशीचा हवालदार कसा वागतो मला काय माहीत?

सोलापुरात राहून असं म्हणणं म्हणजे कमाल आहे. बँकेच्या दाराशी दुनळी घेऊन बसलेले काका बघ, त्यातले कितीतरी माजी सैनिक आहेत. आमच्या कॉलनीत एक निवृत्त हवालदार राहतात. लहान असताना ते आम्हा पोरांना गड्ड्याला न्यायचे, जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा असते तेव्हा होम मैदानावर, गर्दी म्हणजे पाय ठेवायला जागा नाही. बाकीच्यांचे वडील पोरांचा हात घट्ट धरून आत घुसायचे. हे काका आधी बाहेरच थांबवायचे. मोजायचे. मग एक उंच पाळणा दाखवून म्हणायचे, चुकलात तर याच्या डाव्या अंगाला यायचं, हलायचं नाही, मी येतो. मग प्रत्येकाच्या चपलेचा अंगठा बघायचे तुटलाय का. एकाचा तुटलेला असायचाच, काकांच्या खिशात सेफ्टी पिन असायची. एवढं सगळं झाल्यावर आत. ओरडणं नाही, शौर्याच्या गोष्टी नाहीत. आम्ही गेममध्ये हवालदार खेळतो तेव्हा हेच करतो: दार उघडायच्या आधी मोजणी, चुकलो तर भेटायची जागा, आणि खिशात पिन. एअरलॉक असो नाहीतर पाळणा, काम तेच.

त्यांना मी एकदा विचारलं होतं की नवीन ऑफिसर आला की तुम्ही काय करायचा. म्हणाले, "साहेबांना सगळ्यांसमोर नाही म्हणायचं नाही. चहा घेऊन जायचं आणि विचारायचं, साहेब, असं केलं तर चालेल का." आमच्या सिद्रामला हे आधी कळलं असतं तर चार वर्षं वाचली असती.

प्रश्न: पार्टीत एक ऑफिसर आणि एक हवालदार असले तर सगळे निर्णय ऑफिसरच घेणार ना?

नियमानं नाही, आणि गोष्टीनं पण नाही. आधी ही गोष्ट लक्षात घ्या की या विश्वात निरोप जहाजाच्या वेगानंच जातो. एक जंप, म्हणजे एका ताऱ्याकडनं दुसऱ्याकडं मारलेली उडी, सुमारे आठवडाभराची, लांब असो की जवळ, आणि रेडिओ त्याच्या पुढं जात नाही. वरनं हुकूम मागवला तर उत्तर यायला पंधरा दिवस सहज. म्हणजे जागेवर जो अनुभवी माणूस आहे त्याचंच चालतंय. ऑफिसर ठरवतो कुठं जायचं, हवालदार ठरवतो की आपण तिथं पोचणार का. दोघांनी कनेक्शनचा नियम पण वापरावा, दोन प्लेयरनी भूतकाळातला एखादा प्रसंग एकमेकांशी जोडला तर दोघांना एकेक स्किल फुकट मिळतं. आमच्याकडं कॅप्टनला नकाशा वाचायला सिद्रामनंच शिकवलं होतं असं जोडलं. चुकीचा नकाशा कुणी दिला ते अजून दोघंही बोलत नाहीत.

प्रश्न: हवालदारातनं ऑफिसर होता येतं का?

कमिशनचा रोल पहिल्या टर्मला टाकता येतो, सामाजिक दर्जावर ८+. नंतर टाकायचा तर दर्जा ९ किंवा वर पाहिजे आणि प्रत्येक जास्तीच्या टर्मला १ वजा. म्हणजे सिद्रामसारख्या ५ वाल्याला पहिल्या टर्मनंतर दार बंदच. गेम लै क्रूर आहे इथं, पण खोटा नाही. आपल्याकडं निदान जुन्या जेसीओंना २६ जानेवारी, १५ ऑगस्टला मानद लेफ्टनंट, मानद कॅप्टन करतात. मी घरचा नियम ठेवलाय, सुभेदार मेजर होऊन निवृत्त झाला की दर्जा १ नं वाढतो आणि नावामागं "मानद" लागतं. कुणी तक्रार केलेली नाही.

प्रश्न: आर्मीच का? नेव्ही, मरीन?

घ्या की. नेव्हीत चीफ पेटी ऑफिसर हा माझा सगळ्यात आवडता माणूस, इंजिन रूम त्याचीच असते, कॅप्टनची नव्हे. आपल्या नौदलाच्या इंजिनिअरिंगचं शिक्षण लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर होतं, तिथनं शिकून बाहेर पडलेला कुणी ओळखीत असेल तर त्याला जुन्या डिझेल इंजिनबद्दल विचारा आणि तासभर मोकळा ठेवा. मरीन घ्यायचा तर मारामारी आवडत असेल तरच.

प्रश्न: बाईचं कॅरेक्टर हवालदार म्हणून चालेल का?

हा प्रश्न का आहे हेच मला कळत नाही. हजारो वर्षं पुढचं अंतराळ आहे, आणि आपल्याकडंच लष्करी पोलिसांत २०२१ पासून बायका जवान म्हणून दाखल आहेत. पुढचा प्रश्न.

प्रश्न: बाहेर पडताना काय काय मिळतं?

दर टर्मला एक बेनिफिट रोल, पदामुळं वर एक ते तीन जास्तीचे. रोख पैशावर जास्तीत जास्त तीनच रोल टाकता येतात, बाकीचे वस्तूंवर, हत्यार, चिलखत असलं काही. पाच टर्म झाल्या की पेन्शन, वर्षाला १०,००० क्रेडिट, पुढच्या प्रत्येक टर्मला २,००० वाढतात. म्हणजे २० वर्षांनी. आपल्या कायम जवानाला १५ वर्षं झाली की पेन्शन बसते, ते ऐकून एक पोरगा म्हणाला मग इथंच भरती होऊ की बे, अंतराळात कशाला.

पैसे जास्त घेऊ नका. हवालदाराच्या हातात पैसा असला की तो अ‍ॅडव्हेंचरला येत नाही, घर बांधतो.

प्रश्न: खरे लढणारे जवान कुणाचे उदाहरण घेऊ? सगळे सेनापतीच आठवतात.

मराठा लाईट इन्फंट्रीचा इतिहास बघ. नायक यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत आणि शिपाई नामदेव जाधव १९४५ साली इटलीतच सेनिओ नदीवर, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस. कुणी जनरल नाही, एक नायक आणि एक शिपाई. जाधवांनी गोळ्यांचा मारा चालू असताना जखमी साथीदारांना पाण्यातनं सुरक्षित जागी नेलं आणि मग परत फिरून मशीनगनच्या चौक्यांवर चाल केली. गेममध्ये त्यांची नक्कल करू नका, ते बरोबर वाटत नाही मला. पण मोठं काम करायला खांद्यावर तारे लागत नाहीत एवढं तिथनं उचला.

प्रश्न: डाइस कुठं मिळतील सोलापुरात? ऑनलाईन सेट लै महाग आहेत.

या गेमला वीस बाजूंचा वगैरे काही लागत नाही. साधे सहा बाजूंचे दोनच. नवी पेठेत कुठल्याही खेळण्याच्या दुकानात ल्युडोचा बोर्ड घे, त्यातलेच काढ. दोन बोर्ड घ्यावे लागतील, एकात एकच असतोय बऱ्याचदा. येताना पेन्सिल आण, पेन नको, म्हातारपणाचे आकडे खोडावे लागतात. आणि चादर आहे आमच्याकडं.